शुल्काची पावती आणि नोंदणीचा क्रमांक

बारावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, उमरगा, मुरूम येथील मोंढ्यांत एक वेगळीच मागणी सुरू होते. आडतीवर वीस वर्षे माप करणारा मापाडी, गोण्या वाहणारा हमाल किंवा वहीखाते लिहिणारा मुनीम दुपारची गर्दी ओसरल्यावर गादीजवळ येऊन बसतो आणि संकोचाने म्हणतो, ‘शेटजी, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. पन्नास हजार उचल मिळाली असती तर बरं झालं असतं.’ शेटजी सहसा नाही म्हणत नाहीत. माणूस जुना, विश्वासाचा. मुलगी शिकते आहे. आणि रुग्णसेवेचे शिक्षण म्हणजे पुण्याचे काम. उचल नावे लिहिली जाते आणि ती सोयाबीनच्या हंगामात थोडीथोडी वळती करून घ्यायची असे ठरते.

ज्या वर्गासाठी ही रक्कम जाते त्याची चौकशी मात्र बहुधा कोणीच करीत नाही. गोणीत हात घालून दाणा पाहिल्यावाचून, ओल तपासल्यावाचून जो व्यापारी भाव बोलत नाही, तोच व्यापारी येथे केवळ रंगीत माहितीपत्रकावर विसंबतो. पैसे देणारा बाप आणि पैसे पुरविणारा शेटजी, दोघेही एकच शब्द वाचून निश्चिंत होतात. तो शब्द म्हणजे ‘शासनमान्य’.

हा शब्द थोडा उलगडून पाहिला पाहिजे. एखाद्या संस्थेची सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी झालेली असते, कोणाकडे शॉप ॲक्टचा दाखला असतो, कोणाकडे उद्यम नोंदणी, कोणाकडे आयएसओचे प्रमाणपत्र. हे सर्व कागद खरे असू शकतात. परंतु शॉप ॲक्टचा दाखला म्हणजे दुकानातील मालाच्या प्रतीची हमी नव्हे, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागत नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण त्यात खोटे काहीच नसते. सहा महिने किंवा एक वर्षाचा रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम एखाद्या अधिकृत कौशल्य मंडळाशी खरोखरच जोडलेला असतो. त्याचे प्रमाणपत्र वैध असते, आणि नीट शिकविले तर उपयोगाचेही असते. मात्र ते घेतलेली मुलगी कायद्याने ‘नर्स’ होत नाही. माहितीपत्रकावर पांढरी टोपी घातलेल्या परिचारिकेचे छायाचित्र असते. मुलीला मिळणारे काम रुग्णाचे अंग पुसण्याचे, चादरी बदलण्याचे असते. काम हलके नाही, पण ते जे आहे ते नाव घेऊन विकले जात नाही.

परिचारिकेच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. ए.एन.एम. हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जी.एन.एम. तीन वर्षांचा. दोन्हींचे निकष १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद ठरविते, आणि उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. ए.एन.एम. किंवा जी.एन.एम. घरबसल्या दूरशिक्षणाने होत नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञासाठी डी.एम.एल.टी. आणि त्यानंतर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी असा मार्ग आहे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि किमान दोन वर्षांत विभागलेली असावी लागते. सहा महिन्यांचा वर्ग कितीही महाग असला तरी तो या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच शुल्क भरण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न ‘नोकरीची हमी आहे का?’ हा नसावा. ‘अभ्यासक्रम संपल्यावर कोणत्या परिषदेत नोंदणी होते आणि मागील वर्षीच्या मुलींचे नोंदणी क्रमांक दाखविता का?’ असे विचारावे. जेथे नोंदणी होते तेथे हे क्रमांक दाखविण्यात अडचण येण्याचे कारण नाही.

येथे एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वच खासगी संस्था अशा नाहीत. स्वतःचे रुग्णालय असलेल्या, मुलींना खरोखर वॉर्डात उभे करणाऱ्या संस्थाही आहेत आणि त्यांचे शुल्क जास्त असले तरी त्याला आधार असतो. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शासकीय परिचर्या शाळांत खर्च अल्प असतो, परंतु जागा मोजक्या. अपुऱ्या जागा आणि वाढती मागणी यांच्यामधल्या पोकळीत हा व्यवसाय उभा राहिला आहे. धाराशिव जिल्ह्याचे नाव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व वाशिम हे त्यातील अन्य तीन जिल्हे. अशा जिल्ह्यात शेतमजुराची मुलगी पुण्यास अभियांत्रिकीला जाण्याचे स्वप्न क्वचितच पाहते. ‘नर्सिंग’ हा तिच्या घराला झेपणारा, समजणारा आणि लग्नाच्या बोलणीतही चालणारा शब्द आहे.

आता हिशेब. पुढील आकडे कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. जिल्ह्यातील कुटुंबाला कल्पना यावी म्हणून ते धरले आहेत. एक वर्षाचा वर्ग, शुल्क ७०,००० रुपये. सोलापूर किंवा लातूर येथे खोली व खाणावळ महिना ५,००० प्रमाणे ६०,०००. गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क आणि दर दोन-तीन महिन्यांनी निघणारे ‘इतर’ मिळून १०,०००. एकूण १,४०,०००. यांतील ४०,००० घरचे, म्हणजे कोणीतरी दोन शेळ्या आणि कानातले विकून आणलेले. उरलेले एक लाख कर्जाऊ.

वर्ष संपल्यावर एखाद्या छोट्या रुग्णालयात महिना ८,५०० रुपयांची नोकरी मिळाली असे धरू. शहरात राहण्या-जेवण्याचे ५,५०० गेले की हातात ३,००० उरतात. लाखाची रक्कम गावातील खासगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये दराने घेतली असेल, तर महिन्याचे व्याजच ३,००० होते. हातात उरलेली सगळी रक्कम व्याजात जाते आणि मुद्दलाला स्पर्शही होत नाही. पाच वर्षांत १,८०,००० रुपये व्याज भरूनही सावकाराच्या वहीत एक लाख जसेच्या तसे उभे असतात. हेच एक लाख बँकेकडून ११ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले असते, तर मासिक हप्ता सुमारे २,१७४ रुपये पडला असता. पाच वर्षांत व्याज साधारण ३०,५०० रुपये आणि खाते बंद. मुलगी तीच, वर्ग तोच, पगार तोच. फरक केवळ पैसा कोठून आला याचा. शेटजींची बिनव्याजी उचल या दोन्हींपेक्षा स्वस्त खरी. परंतु तिच्यामुळे बाप पुढील तीन-चार हंगाम त्याच आडतीला बांधला जातो, हेही लक्षात असू द्यावे.

बँकांत अशा शिक्षणासाठी योजना नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. जुलै २०१५ मध्ये कौशल्य कर्ज योजना आली. तिच्यात ५,००० पासून दीड लाख रुपयांपर्यंत कर्ज विनातारण देण्याची तरतूद होती. परतफेडीची मुदत ५०,००० पर्यंत तीन वर्षे, एक लाखापर्यंत पाच वर्षे आणि त्यावर सात वर्षे. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. कर्ज बुडाल्यास बँकेला पतहमी निधीचे संरक्षण आहे. इतके असूनही ग्रामीण शाखांत हे कर्ज सहजी मिळत नाही, आणि त्यात दोष बँकांचाही आहे. ४०,००० रुपयांच्या कर्जाला जितकी कागदपत्रे लागतात, जवळपास तितकीच ४० लाखांच्या कर्जाला लागतात. मार्चअखेरच्या उद्दिष्टाकडे पाहणारा व्यवस्थापक कोणत्या फाईलला अगोदर हात घालील हे उघड आहे.

तरीही बँकेची पायरी चढावी, नकार मिळाला तरी चढावी. कारण हे कर्ज मान्यताप्राप्त यादीतील संस्था व अभ्यासक्रम यांनाच मिळते. ‘तुमची संस्था आमच्या यादीत सापडत नाही’ असे उत्तर आले, तर ते ७०,००० रुपये वाचविणारे उत्तर असू शकते. ते लेखी मागावे. संस्थेचा प्रतिनिधी ‘बँकेच्या भानगडीत कशाला पडता, आमच्याकडेच हप्ते आहेत’ असे म्हणू लागला, तर अधिकच सावध व्हावे.

पैसे भरल्यानंतर पश्चात्ताप झाला तर दाद कोठे मागायची? येथे वाट फारच अरुंद आहे. बी.एस्सी. नर्सिंगसारख्या पदवी अभ्यासक्रमांच्या शुल्कावर राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाची देखरेख आहे. सहा महिन्यांच्या वर्गाला ते छत्र नाही. ग्राहक आयोगाचा विचार अनेकांच्या मनात येतो. परंतु जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने मनू सोळंकी प्रकरणात, व्यावसायिक अभ्यासक्रमांसह शिक्षण देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, खासगी शिकवणी वर्ग मात्र येतात, असा निर्णय दिला. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. सामान्य माणसाने यातून इतकेच घ्यावे की पावती फाडण्याअगोदरचा दिवस हाच त्याच्या हातातील खरा दिवस आहे. मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला संस्थेच्या कपाटात ठेवू नये. पाहून परत घ्यावेत. हप्ता थकला की ते कागद अडवून धरण्याची सोय तरी उरत नाही.

हा प्रश्न आपल्याच मागासलेपणाचा आहे असेही नाही. अमेरिकेत कोरिन्थियन कॉलेजेस नावाची नफ्यासाठी चालणारी मोठी साखळी होती. डॉक्टरांच्या मदतनिसांपासून अनेक कामांचे महागडे अभ्यासक्रम ती चालवीत असे, आणि विद्यार्थी त्यासाठी सरकारी कर्ज काढीत. नोकरी लागल्याचे फुगविलेले आकडे उघडकीस आले आणि २०१५ मध्ये ती बंद पडली. २०२२ मध्ये तेथील शिक्षण विभागाला सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. त्याच देशात एक चांगला नियमही आहे. १९८७ च्या कायद्यानुसार वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषागृहांतील मदतनिसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि ज्याला शुश्रूषागृहाने नोकरी दिली किंवा देऊ केली त्याच्याकडून त्या प्रशिक्षणाचे शुल्क घेता येत नाही. ज्याने स्वतः पैसे भरून शिकून घेतले त्याला वर्षभरात नोकरी लागली, तर त्या खर्चाची भरपाई मिळण्याचीही तरतूद आहे.

व्यापारी घरांना या नियमामागील विचार परका वाटू नये. आडतीवर नवा मुलगा ठेवला जातो, तेव्हा त्याला काटा धरता येत नसतो, पट्टी करता येत नसते. पहिले वर्ष तो चुका करीत शिकतो आणि त्या काळातही त्याला थोडा का होईना पगार मिळतो. ‘अगोदर ७०,००० भर, मग काटा शिकवितो’ असे कोणी म्हणत नाही. चाळीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील डॉक्टरही असेच करीत. दहावी नापास मुलगा दवाखान्यात झाडलोट करायला लागायचा आणि पाच वर्षांत कंपाउंडर व्हायचा. त्या पद्धतीत धोके होते, आणि इंजेक्शन देणाऱ्या हाताला रीतसर शिक्षण हवे यात शंका नाही. पण शिकविण्याचा खर्च तेव्हा काम करवून घेणाऱ्याचा होता. आज तो काम मागणाऱ्याच्या माथी आला आहे, आणि या बदलाची चर्चा कोठे झालेली दिसत नाही.

याच परिसरात दुसऱ्या वाटेने जाणारी माणसे झाली आहेत. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावातील अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रियांना निवडून त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. बाळंतपण, अतिसार, कुपोषण, कुष्ठरोग या सर्वांत त्या स्त्रियांनी जे करून दाखविले ते पाहण्यासाठी जगभरातून लोक येऊ लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि त्यांना ‘भारतवैद्य’ असे भारदस्त नाव दिले. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून जाणाऱ्या किती व्यापाऱ्यांना अणदूरचे हे काम ठाऊक आहे, कोण जाणे. २००५ पासूनच्या आशा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षणही विनाशुल्क असते. त्यांच्या तुटपुंज्या मोबदल्याची तक्रार रास्तच आहे, पण शिकण्यासाठी कानातले विकावे लागले अशी तक्रार त्यांना करावी लागली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाखाहून अधिक आरोग्य मदतनीस तयार करण्याचा अल्पमुदतीचा कार्यक्रम जाहीर केला. घरगुती शुश्रूषा, नमुना संकलन, उपकरण साहाय्य अशी त्यात सहा प्रकारची कामे होती आणि त्यासाठी २७६ कोटी रुपयांची तरतूद होती. म्हणजे गरज तीव्र झाली की हे शिक्षण सार्वजनिक पैशातून देता येते.

मग रुग्णालयांनी काय करावे? १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यांनाही लागू आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. तालुक्याच्या गावातील बहुतेक खासगी रुग्णालये या दुसऱ्या गटात येतील. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. मुलगी शिकते, विद्यावेतन घेते, आणि रुग्णालयाला स्वतःच्या पद्धतीने तयार झालेले माणूस मिळते. जैन समाजातील किती डॉक्टरांनी या योजनेचा अर्ज भरला आहे, याची विचारणा एखाद्या संघाच्या सभेत सहज करता येईल.

आणि आपल्या विश्वस्त संस्था? आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांपैकी औषधदानासाठी समाजाचा हात नेहमीच सैल राहिला आहे. वैयावृत्त्य, म्हणजे रुग्ण, वृद्ध व तपस्वी यांची शुश्रूषा, हे तर अभ्यंतर तपांत गणले आहे. १९५५ मध्ये भूम तालुक्यातील कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली, तेव्हा दूरदूरहून आलेल्या श्रावकांनी या सेवेत स्वतःला धन्य मानले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीस नेऊन शिकविले. त्या भूकंपाने उमरगा व लोहारा हे तालुकेही उद्ध्वस्त केले होते. तेव्हा हात देण्याची सवय समाजाला नवी नाही. सुधारायची आहे ती देण्याची रीत.

सध्या बहुतेक न्यासांची शैक्षणिक मदत शुल्काच्या पावतीवर दिली जाते. पावती आणा, धनादेश न्या. त्यामुळे ज्या वर्गाचे शुल्क जास्त त्यालाच मदत जास्त, असा उलटा हिशेब होतो, आणि दानाची रक्कम मुलीच्या हातून फिरून वर्गचालकाच्या गल्ल्यात जाते. त्याऐवजी अर्जासोबत परिषदेच्या मान्यतेचे पत्र आणि मागील तुकडीचे नोंदणी क्रमांक मागता येतील. मदतीचा एक भाग शुल्कासाठी आणि दुसरा मुलीच्या खोली-खाणावळीसाठी थेट तिच्या खात्यावर देता येईल. शासकीय परिचर्या शाळेत जागा मिळूनही केवळ राहण्याच्या खर्चासाठी ती सोडून देणाऱ्या मुलीला याचा आधार होईल. शेवटचा हप्ता राखून ठेवावा आणि नोंदणीच्या शुल्कासह तो नोंदणीच्या वेळी द्यावा, कारण परीक्षा उत्तीर्ण होऊनही नोंदणीचे चार पैसे नाहीत म्हणून महिनोन्‌महिने बिनानोंदणीच्या पगारावर राबणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

गादीवर बसलेल्या शेटजींना तर न्यासाच्या सभेची वाट पाहण्याचेही कारण नाही. मुनीम पुढच्या वेळी उचल मागायला आला की रक्कम नावे लिहिण्याअगोदर त्याच्या खिशातील माहितीपत्रक मागून घ्यावे, त्यावरील दूरध्वनी क्रमांकावर स्वतः बोलावे आणि संस्थेला नोंदणीविषयीचा तो एक प्रश्न विचारावा. शेटजींच्या आवाजात विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर मिळते, ते मापाड्याने विचारल्यावर मिळत नाही.